डावी टांग अण्णाची

"टांग मार! अगं मार की, डावी टांग मार!"

भर दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असताना आक्का अशी ओरडायची. गिऱ्हाईक म्हणजे एखादी नवी नवरी, नाहीतर कॉलेजातली बाई, हातात साडीचा पदर आणि शेजारी कंटाळलेला नवरा. ती बिचारी दचकून मागं सरकायची. पिको-फॉलच्या मशीनवरनं उठून बाकावर बसलेली, घट्ट अंबाड्याची, कपाळावर विभूतीची बारीक रेघ ओढलेली ही पन्नाशीची बाई कुणाला टांग मारायला सांगतेय, ते तिला कळायचं नाही. मला सांगत असायची. आम्हा दोघींच्या मध्ये बाकावर टॅब ठेवलेला असायचा आणि त्यावर आम्ही पिनबॉल खेळत असायचो.

पिनबॉल तुम्ही खेळला असाल, नसाल. काचेखाली एक उतरता फळा, त्यावर रंगीत दिवे, घंट्या, रबराचे खांब आणि एक चकचकीत पोलादी गोळी. गोळी धडकत, उसळत खाली येते. खाली दोन बाजूंना दोन लहान पट्ट्या असतात. बटन दाबलं की पट्टी उसळून गोळीला परत वर हाणते. दोन्ही पट्ट्यांच्या मधून गोळी निसटली की गेली. या पट्ट्यांना इंग्रजीत काही का म्हणेनात, आक्का त्यांना टांग म्हणायची. डावी टांग, उजवी टांग. गोळी निसटली की "चितपट". एकदम तीन गोळ्या सुटल्या की "दंगल सुरू झाली बग!" अख्खा खेळ तिनं तालमीत नेऊन ठेवला होता.

आमचं मॅचिंग सेंटर कोल्हापुरात, राजारामपुरीत. मी आत ब्लाउज पीस आणि अस्तराची कापडं बघायची, ती दुकानाच्या तोंडाशी मशीन लावून साड्यांना पिको-फॉल करायची. दुकान माझं, मशीन तिचं. ती मला मालकीणबाई म्हणायची आणि मालकिणीसारखं कधीच वागवायची नाही. "मी जेवायला जातो, साड्यांवर नजर ठेव," असा हुकूम सोडून जायची. आमच्याकडं बायकासुद्धा "मी जातो", "मी आलो" असंच म्हणतात. पुण्याची पाहुणी हसते; हसू दे. शाळेत शिकवलं म्हणून मी लिहिताना "गेले" लिहिते, बोलताना मात्र "गेलो"च.

या खेळाचा नाद तिला लहानपणी लागला. ती मूळची कुरुंदवाडची. वडलांचं तिथं किराणा दुकान. माल भरायला ते लक्ष्मीपुरीत यायचे तेव्हा दोन्ही पोरांना बरोबर आणायचे, आणि बाजारात लुडबूड नको म्हणून जवळच्या एका थेटराच्या व्हरांड्यात सोडायचे. त्या व्हरांड्यात व्हिडिओ गेमची चार मशिनं होती आणि कोपऱ्यात एक पिनबॉलचं. बाकीच्या मशिनांवर पोरांची झुंबड. पिनबॉल जुनं, एक दिवा गेलेला, त्यामुळं ते या दोघांना मिळायचं.

"मांडीला टेकून उभं ऱ्हायचं," आक्का सांगायची. "गोळी धडकली की मांडीत ठोका बसतोय. घंटी वाजती, दिवं पेटत्यात, आनि सगळी गोळी आपल्या एका अंगठ्यावर! लई भारी वाटायचं गं. ह्या तुज्या टॅबात तेवढा ठोका न्हाय बग."

दोघांत एक नाणं. डावीकडं भाऊ, उजवीकडं ही. भावाला ती अण्णा म्हणायची, तो हिला आक्की. अण्णा तालमीत जाणारा, म्हणून टांग, चितपट, दंगल हे शब्द त्याचे. चौथा शब्द मशीननं दिला. मशीन जास्त हलवलं की वर लाल अक्षरं पेटायची, दोन्ही पट्ट्या मरायच्या आणि डोळ्यांदेखत गोळी खाली जायची. अण्णानं अक्षरं जुळवून वाचलं, "टिल्ट". तेव्हापासून आक्काच्या जगात जे काही बिनसलं ते टिल्ट झालं. दूध नासलं, टिल्ट. मी गिऱ्हाइकावर भडकले की आतून आवाज यायचा, "मालकीणबाई टिल्ट झाल्या वो, जरा थांबा."

ही सगळी कथा ऐकून मीच माझ्या लेकीचा कोपरा तडकलेला जुना टॅब आणला आणि त्यावर पिनबॉल शोधून दिला. म्हटलं, घे, खेळ जन्मभर. तिनं पदराला हात पुसले, टॅब मांडीवर घेतला, गोळी सोडली. डोळे असे चमकले म्हणता! उजवीकडं आलेली गोळी तिनं पट्टीवर अलगद झेलली, थांबवली, टोकापर्यंत घरंगळू दिली आणि बरोबर मधल्या खाचेत हाणली. मी तोंडात बोट घातलं. मग गोळी डावीकडं आली. आक्का बघत बसली. गोळी गेली.

दुसरी गोळी, तेच. तिसरी, तेच.

"अगं, डावीकडचं बटन दाब की!"

"ते माझं न्हाय. ते अण्णाचं."

"आक्का, हा एकट्याचा खेळ हाय. एकच माणूस दोन्ही बटनं दाबतंय."

तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "एकट्याचा असता तर दोन बटनं कशाला मग?"

मी तिला इतर लोकांचे खेळ दाखवले, दोन्ही अंगठे चालवणारे. ती म्हणाली, त्यांना कुणी जोडीदार मिळाला नसंल. शेवटी मीच शेजारी बसले. डावी टांग माझ्याकडं आली ती अशी, आणि त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार माझी काही धडगत राहिली नाही.

मी वाईट खेळायचे. हे खोटं नम्रपण नाही, खरंच वाईट. गोळी येण्याआधीच बटन दाबायचे, नाहीतर गेल्यावर. "झोपलीस! कापड मोजतीस काय तिथं?" असं ती वर ऐकवायची. एकदा एका बाईला निळसर चिंतामणी रंगाचा पीस हवा होता. इकडं तीन गोळ्यांची दंगल चालू. मी बाकावरनं न उठता हाताला लागेल तो पीस कापून दिला, तो निघाला पोपटी. बाई दुसऱ्या दिवशी भांडायला आली. मी हात जोडले, आणि ही माझी जोडीदारीण मशीनमागं पदर तोंडात कोंबून हसत होती.

संध्याकाळी सहाला तिचे यजमान स्कूटरवर तिला न्यायला यायचे. चित्रकलेचे मास्तर. बारीक अंगाचे, मितभाषी, बोटांना नेहमी कसला तरी रंग. एकदा मी जांभया देत होते म्हणून म्हटलं, "मास्तर, बसा की जरा माज्या जागी. मी दमलो."

मास्तर हसले. "नको. मी बसलो तर जागा भरली असं व्हईल. त्यांची हाय, त्यांनाच राहू दे."

त्यांची म्हणजे अण्णाची. तेव्हा मला कळलं की हा खेळाचा हट्ट नव्हे.

झालं होतं असं. मास्तर नोकरीच्या सुरुवातीला कुरुंदवाडच्या शाळेत होते. यांच्याच दुकानातून किराणा न्यायचे. आक्काचं घर लिंगायत, मास्तरांचं बौद्ध. दोघांनी लग्न केलं. वडलांनी नाव टाकलं, ते जाईपर्यंत बोलले नाहीत. आई आधीच गेलेली. पण आक्काला खरं लागलं ते अण्णाचं. ज्या भावानं तिला खांद्यावर बसवून पंचगंगा-कृष्णेचा संगम दाखवला, तो त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पंचवीसेक वर्षं.

"मी जरा जास्तच हलवलं," ती म्हणायची. "घर टिल्ट झालं."

"पस्तावा हाय काय तुला?"

"मास्तरांचा? छट्! काय बोलतीस?" मग थोडं थांबून, "पर अण्णानं यावं गं एकदा. माज्यासंगट बोलावं, ह्यांच्यासंगट बोलावं. आनि मला काय नको."

एवढीच तिची मागणी. म्हणून ती डावी बाजू राखून बसली होती. मला हसू यायचं बंद झालं आणि मी जरा नीट खेळायला लागले.

लग्नसराईचे दिवस होते. एका सकाळी एक कुटुंब बस्त्याच्या साड्या घेऊन आलं. आई, लग्नाची मुलगी, आणि मागं वडील. बाई काउंटरवर साड्यांचा गठ्ठा ठेवत म्हणाली, "पिको-फॉल इथंच करून मिळतंय न्हवं?" असं विचारताना ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या कानावर आलं ते एवढंच, की आक्काचं मशीन थांबलं.

वडील बाकावर बसले. दुकानात आलेले सगळे पुरुष तिथंच बसतात. आडव्या हाडाचा माणूस, पांढरा शर्ट, अंग सुटलेलं, पण दोन्ही कान मोडलेले. ज्यानं लाल मातीत उमेदीची वर्षं घातली त्याचेच कान असे होतात. मी त्या कानांकडं बघितलं, मग आक्काकडं. ती मान खाली घालून सुई ओवत होती. सुई ओवलेलीच होती.

तिनं त्याला बघितलं होतं आणि त्यानं तिला. चार हातांचं अंतर. आक्काच्या वहिनी एकेक साडी उलगडून मला रंग दाखवत होत्या आणि माझं लक्ष कुठं रंगात! नंतर कधीतरी मी त्यांना विचारलं, नेमकं याच दुकानात कशा आलात? म्हणाल्या, "कोल्हापुरात पिकोवाल्या काय कमी हाईत?" आणि गालात हसल्या.

बाकावर टॅब पडला होता, खेळ चालूच. अधूनमधून घंटी वाजायची. त्यानं एकदा तिकडं बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग उचलून मांडीवर घेतला. गोळी सोडली. मी कापड मोजता मोजता बघतेय. डावीकडं आलेली गोळी त्यानं जोरात वर हाणली. परत आली, परत हाणली. मग गोळी उजवीकडं वळली आणि तो नुसता बघत राहिला. उजवा हात गुडघ्यावर तसाच.

मला राहवेना. "पावणं, उजवीकडचं बी बटन दाबा की."

"ते दुसऱ्याचं हाय," तो म्हणाला. मान वर केली नाही.

आक्का उठली. दातात धाग्याचा तुकडा होता तो काढून टाकला, येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि उजव्या बाजूला अंगठा ठेवला. त्यानं टॅब मध्ये सरकवला. पुढची गोळी सुटली. मी आयुष्यात इतका चांगला खेळ बघितला नाही. ही झेलायची आणि त्याच्याकडं सोडायची, तो वर हाणायचा. घंट्या नुसत्या खणखणत होत्या. लग्नाची मुलगी साडी हातात धरून बघत उभी होती. तिनं आत्या पहिल्यांदाच बघितली असावी.

मग गोळी आक्काच्या अंगठ्याखालून निसटली.

"झोपलीस काय गं?" अण्णा खेकसला.

पंचवीस वर्षांनंतरचा पहिला शब्द हा. आक्काचं तोंड रागानं लाल झालं. "आनि तू? तू कुटं हुतास रं इतकी वर्षं?" असं म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. तो टॅबकडं बघत बसला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि मी उगीचच आत जाऊन अस्तराचे गठ्ठे मोजून आले.

निघताना तो म्हणाला, "लग्नाला ये."

"आमी दोगं येतो."

चप्पल घालायला त्याला फार वेळ लागला. मग गाडीत जाऊन बसला.

आक्कानं त्या सगळ्या साड्या स्वतःच्या हातानं केल्या. फॉलचा एक टाका वर दिसेल तर शपथ. लग्नाच्या दिवशी मात्र नेहमीच्या वेळेला येऊन मशीनवर बसली. मी चिडले. म्हटलं, "एवढ्या वर्षांनी भावानं बोलावलं, जायचं सोडून हितं काय करतीस? मास्तर काय नको म्हनत्यात व्हय?"

"मास्तर जाच म्हनत्यात. मीच जात न्हाय. त्यांना वगळून मला बोलवलं तर तो अपमान माझा हाय. भाची माझी हाय, साड्या मी केल्या, आशीर्वाद हितनं दिला. झालं."

दिवसभर तिनं टॅबला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही.

मला वाटलं, संपलं. पण महिन्याभरानं अण्णा परत आला, एकटाच. लक्ष्मीपुरीत माल भरायला आलतो म्हणाला, आणि बाकावर बसला. माझी जागा गेली. मग दर खेपेला यायला लागला. दोघं खेळायचे, भांडायचे, एकमेकांना झोपाळू म्हणायचे. मी चहा मागवायचे. पण साडेपाच वाजले की हा माणूस घड्याळ बघायचा. सहाला मास्तर येतात हे त्याला ठाऊक होतं. मास्तर यायच्या आत तो उठून जायचा. आक्काचा चेहरा त्या वेळी बघवायचा नाही.

मग मास्तर उशिरा यायला लागले. अण्णा आला की त्या दिवशी हटकून सात. एकदा मी कोपऱ्यावर फुलं घ्यायला गेले तर मास्तर चहाच्या गाड्यापाशी उभे. हातात रिकामा कप, नजर आमच्या दुकानाकडं. मला बघून ओशाळले. "खेळू देत की अजून थोडं," म्हणाले. एवढ्या भल्या माणसाला दाजी म्हणायला त्या मोडक्या कानाच्या गड्याच्या जिभेला काय होत होतं, देव जाणे!

एकदा आक्का जेवणाचा डबा धुवायला गेली होती तेव्हा मी अण्णाला विचारलं, "पावणं, हा एकट्याचा खेळ हाय हे खरंच म्हाईत नव्हतं तुमाला?"

"म्हाईत हुतं की. पहिल्याच दिवशी मशीनच्या मालकानं सांगितलं हुतं."

"मग?"

"नाणं एकच. मी एकटा खेळलो असतो तर हिनं काय बघत बसायचं? म्हणून सांगितलं, दोघांचा खेळ हाय." त्यानं टॅब पुसला. "तिला सांगू नका."

मी कुठली सांगते! पण एकदा सहज विषय काढला तर आक्का टाका घालत म्हणाली, "त्याला वाटतंय मला म्हाईत न्हाय." आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

यंदा मास्तर निवृत्त झाले. चंदगडला त्यांची थोडी काजूची जमीन आहे, तिथं घर बांधलं. आक्का म्हणाली, तिथल्या बायकाबी साड्या नेसत्यात, मशीन घेऊन जातो. मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. मग तिनंच मला टॅबवर बसवलं आणि शेवटच्या आठवड्यात रोज खेळायला लावलं.

मशीन न्यायला टेम्पो आला, अण्णाच्या दुकानाचा. अण्णा स्वतः चालवत आला होता. मास्तर आधीच येऊन उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दोघं समोरासमोर. राम राम नाही, काही नाही. दोघांनी मशीनकडं बघितलं. लोखंडी पाट्याचं ते जड धूड एकट्याला हलणारं नव्हतं. अण्णा एका बाजूनं वाकला, मास्तर दुसऱ्या बाजूनं. उचललं. आक्का रिळांची पिशवी छातीशी धरून माझ्याजवळ उभी.

मास्तर उलटे चालत होते. दाराशी पायरी आहे, ती त्यांना दिसेना. त्यांचा पाय हवेत गेला आणि मशीन कललं.

"दाजी, पायरी! दमानं!" अण्णा ओरडला.

दोघंही मशीन धरून तसेच थांबले. अण्णाच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. मास्तर अगदी हळू म्हणाले, "व्हय व्हय. धरलंय." आणि एकेक पाय टाकत दोघं खाली उतरले.

आक्का मटकन बाकावर बसली. "ऐकलंस?"

"ऐकलं की."

"चुकून म्हनला असंल." तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "परत म्हनंल काय गं?"

बाहेर मशीन टेम्पोत चढवल्याचा आवाज झाला.

"दाजी," बाहेरून हाक आली, "दोरी कुटं ऱ्हायली? आत इचारा की आक्कीला."

दोरी माझ्या काउंटरवर होती. मास्तर दारात यायच्या आत आक्कानं ती उचलली आणि तशीच अनवाणी बाहेर पळाली.